पन्नास गुणांची बिअर

मे महिन्यात नागपुरात पाहुणा येतो तो एकतर लग्नाला, नाहीतर मागल्या जन्मीचं काही फेडायला. माझा पुतण्या निखिल मात्र यंदा पुण्याहून आला तो चार बाटल्या आणि छापील गुणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. पुण्यात तो कॉम्प्युटरची नोकरी करतो आणि शनिवार-रविवार बिअर चाखायला शिकतो. पिणं शिकावं लागत नाही हे आमच्या अख्ख्या धरमपेठेला ठाऊक आहे. चाखणं मात्र शिकावं लागतं म्हणे, आणि त्याची परीक्षाही असते. सरावाला त्याला एक कोरी जीभ हवी होती. डॉक्टरांनी दूध बंद केल्यापासून मी कोऱ्या चहावर आहे, त्यामुळे खानदानात माझ्याइतकी कोरी जीभ दुसरी नव्हती.

"काका, फक्त खरं सांगायचं. जे जाणवेल ते."

बँकेच्या काउंटरवर ३१ वर्षं काढलेल्या माणसाकडून ही जरा जास्तच अपेक्षा होती.

चारही बाटल्या स्टाउटच्या. ही बिअर काळीकुट्ट असते, आणि यातल्या साऱ्या गोडसर, कॉफीच्या वळणाच्या. "ही फ्रिजमधून काढून लगेच प्यायची नाही, दहा-बारा अंशांवर आली की चव उलगडते," निखिल म्हणाला. हे ज्ञान पुण्याच्या हवेतलं होतं. आमच्याकडे त्या दुपारी ४५ होतं. अशा उन्हाळ्यात दहा-बारा अंशांची वेळ लग्नाच्या मुहूर्तासारखी गाठावी लागते. जरा अंतरपाट लांबला की गेली. पहिल्या ग्लासाचा फेस न्याहाळता न्याहाळता त्याचा काढा झाला. म्हणून मी स्टूल कूलरसमोर ओढलं, तर साहेब म्हणतात, "काका, खसच्या ताट्यांचा वास येऊन राहिला. वासाला १२ गुण आहेत. कूलर बंद करा."

सख्ख्या भावाचा मुलगा होता म्हणून बंद केला.

गुणपत्रिका पन्नासाची. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण मताला १०. रूपाला पन्नासात तीनच! ही पद्धत मला एकदम पटली. माझ्या वयाच्या माणसाला पटावीच. मधेमधे जीभ साफ करायला साधा पाव आणि पाणी. चिवडा मना. बिअर समोर आणि चिवडा मना, यापुढे ४५ अंशांचं मला काही वाटेना.

"काय येतं नाकाला?"

मी डोळे मिटले आणि थेट गावच्या शेतावर पोचलो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, ते फोडायच्या आधी राख झटकायची, मग तुपात बुडवायचे. "रोडगे," मी म्हणालो.

निखिलने लिहिलं : डार्क चॉकलेट, भाजलेला ब्रेड.

"मी चॉकलेट कुठं म्हणालो बे?"

"काका, रोडगे या फॉर्ममध्ये बसत नाहीत."

मग मी फुटाण्याची भट्टी म्हणालो, त्याने सुकामेवा लिहिला. बुडाला लागलेली बासुंदी म्हणालो, त्याने कॅरमेल लिहिलं. मीही जन्मभर लोकांचं म्हणणं असंच फॉर्ममध्ये कोंबत आलो होतो, त्यामुळे गप्प बसलो. पण कॉफीच्या बाबतीत मी ठाम होतो. "हिच्यात कॉफी चांगली दाट आहे," मी निकाल दिला.

हिच्यात कॉफीचा कणही नव्हता. स्टाउटमध्ये जव म्हणजे आपले सातू काळेभोर होईस्तोवर भाजतात. कॉफीसारखा कडवट वास त्या भाजण्यातूनच येतो. खरी कॉफी दुसऱ्या बाटलीत होती. रात्रभर गार पाण्यात भिजवून काढलेली, बिअर आंबून झाल्यावर ओतलेली. ती मी प्यायलो आणि म्हणालो, "हिच्यात काहीच नाही." निखिलच्या चेहऱ्यावर कोऱ्या जिभेबद्दलचा आदर कमी झालेला दिसला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली. ती थेंब घेत नाही. तिने दारातूनच नाक वर केलं. "अहो, काय करून राहिले तुम्ही? शिमला मिरची कोणी चिरली?"

घरात शिमला मिरची नव्हती. निखिलने धावत ग्लास तिच्या नाकाखाली धरला. "हीच," ती म्हणाली. कॉफी घातलेली बिअर फार दिवस राहिली की तिला हिरव्या शिमला मिरचीचा वास धरू शकतो, आणि तो परीक्षकाला हेरता यावा लागतो, हे त्याने तिच्या पाया पडून सांगितलं. ती म्हणाली, "ते असू दे, पण वर्ध्याच्या दादाला कळू देऊ नका." वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, चौकशीवर बंदी नाही.

तिसरी बाटली मात्र मला मानवली. मऊ, साईसारखी, गोड. मी सरळ ४४ दिले आणि ग्लास पुन्हा पुढे केला. मग आणखी एकदा. "अरे, ही गोडी आली कुठून?"

निखिल खुलला. म्हणाला, ही मिल्क स्टाउट. १९०७ च्या सुमाराला इंग्लंडात मॅकेसन नावाने निघाली. हिच्यात लॅक्टोज घालतात, म्हणजे दुधातली साखर. बाकीची साखर यीस्ट खाऊन टाकतं, पण ही त्याला पचत नाही, म्हणून गोडी मागे उरते. तिकडे अशी बिअर बाळंतिणींनाही पौष्टिक म्हणून देत. पुढे महायुद्धानंतर सरकारने लेबलावरचा 'मिल्क' शब्द काढायला लावला.

"नसता काढला तर बरं झालं असतं," मी म्हणालो. कारण दुधातली साखर न पचणारे त्या खोलीत दोघे होते, यीस्ट आणि मी. पोटात गुडगुड सुरू झालीच होती.

चौथ्या बाटलीचं परीक्षण मी बंद दाराआडून ऐकलं. "काका, तोंडातल्या स्पर्शाला किती देऊ?" त्याने बाहेरून दोनदा विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्या घडीला मला दुसरेच स्पर्श जाणवत होते.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. "काल काय घेतलं होतं?"

"तीन बिअर. पण बिअरनं काही झालं नाही जी. दूध बाधलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि लिहू लागले. काउंटरच्या पलीकडून उलटं वाचायची मला सवय आहे. मी दूध म्हणालो होतो. त्यांनी फॉर्ममध्ये अल्कोहोल लिहिलं होतं.