त्या सावल्यांपाशी आम्ही पाऊण तास होतो

रविवारी घरचे सगळे मिळून सायन्स म्युझियमला गेलो होतो. सगळे म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. सासूबाई आधी नकोच म्हणत होत्या, "तुम्ही जाऊन या गं, मला काय कळणारे त्यातलं", पण लेक अडूनच बसली की आजी आली नाही तर मी पण येणार नाही, मग आल्या. हे आधीच सांगून ठेवते कारण दिवसातला सगळ्यात भारी प्रसंग त्यांच्यामुळेच घडला, त्यावर येतेच.

मला लिहायचंय ते एका गोष्टीबद्दल जी दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. ही जी हात लावून बघायची म्युझियम्स असतात ना, तिथे आपण मुलांना हौसेने नेतो आणि मग एकाही ठिकाणी धड थांबू देत नाही. मोठी पोस्ट आहे, सवडीने वाचा.

आत गेल्या गेल्या नवऱ्याने नकाशा घेतला, दोन मजले, इतक्या गॅलऱ्या, शो किती वाजता, सगळं डोळ्याखालून घातलं. मी पण त्याच तयारीत होते की तिकीट काढलंय तर सगळं बघून झालं पाहिजे. पहिला अर्धा तास नुसती पळापळ. बटण दाबलं, काहीतरी फिरलं, दिवा लागला, चला पुढे. हवेच्या झोतावर तरंगणारा बॉल बघितला, चला पुढे. लेकीने काहीतरी विचारलं पण तोपर्यंत मी पुढच्या टेबलापाशी पोचले होते आणि तिने काय विचारलं ते मला आजही आठवत नाही, खूप वाईट वाटतंय त्याचं.

मग ती सावल्यांची खोली आली. अंधारी खोली, समोर पांढरी भिंत आणि मागून तीन दिवे, एक लाल, एक हिरवा, एक निळा. तिन्ही एकत्र पडले की भिंत जवळजवळ पांढरीच दिसते, म्हणजे रंगीत काही आहे हे कळत पण नाही. आणि मग तुम्ही मध्ये हात धरता आणि भिंतीवर एका हाताच्या तीन सावल्या पडतात, एक आकाशी, एक गुलाबी-जांभळी, एक पिवळी! धाकट्याने हात धरला आणि एकदम मागे घेतला. परत धरला. मग दिव्यांकडे बघितलं. मग परत भिंतीकडे.

मी दोनदा म्हटलं, "चल रे, वरचा अख्खा मजला राहिलाय." तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "राहू दे ना, काहीतरी चाललंय त्याचं." आणि खरंच चाललं होतं. त्याने शोधून काढलं की भिंतीच्या जवळ गेलं की तिन्ही सावल्या एकमेकींवर चढतात आणि मधला भाग काळा होतो, आणि लांब आलं की त्या सुट्या होऊन रंग परत येतात. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. तो पुढे-मागे, पुढे-मागे करत होता, मग एक पाय वर करून बघितला, मग बहिणीला एका दिव्यासमोर उभं केलं आणि सगळ्या भिंतीचा रंगच बदलला तेव्हा जे काय ओरडलाय!! मग म्हणाला, "पिवळा दिवा तर नाहीचे, मग पिवळी कुठून आली?"

पाच वर्षांच्या पोराने विचारलेला हा प्रश्न मला इतकी वर्षं पडला नव्हता. उत्तर तसं सोपं आहे, हाताने निळा उजेड अडवला की त्या जागी लाल आणि हिरवा दोनच पोचतात, आणि लाल अधिक हिरवा उजेड डोळ्याला पिवळा दिसतो. लाल अडवला तर हिरवा आणि निळा मिळून आकाशी. तिन्ही अडले की काळोख. पण हे मी लगेच सांगितलं नाही, आणि तेवढं एक काम मी त्या दिवशी नीट केलं असं मला वाटतं. मी म्हटलं, तूच शोध. लेकीने मग एकेक दिवा पाटीने झाकून बघायला सुरुवात केली आणि दोघांनी मिळून तिथवर आणलं. पाऊण तास गेला. पाऊण तास! एकाच खोलीत.

तेवढ्यात किती कुटुंबं आली आणि गेली. बहुतेक सगळे एक फोटो काढून पुढे. एक मुलगी माझ्या धाकट्याएवढीच, हात वर करून नुकती नाचायला लागली होती, तिच्या बाबांनी बाजूचा बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला, सगळं उत्तर त्यात, आणि "कळलं ना? चला" म्हणून घेऊन गेले. त्या बाबांना नावं ठेवायची नाहीयेत मला, अर्ध्या तासापूर्वी मी तेच करत होते. पण ती जाताना मागे वळून वळून भिंतीकडे बघत होती ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

घरी आल्यावर मी थोडं वाचत बसले की ही हात लावायची म्युझियम्स कुणाच्या डोक्यातून आली. १९२५ साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमची मोठी इमारत उघडली, तिथे बटण दाबून किंवा दांडा फिरवून यंत्रं चालवून बघता येत होती, म्हणजे कल्पना जुनीच आहे. पण १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू झालं आणि ते ज्या माणसाने सुरू केलं त्याची गोष्ट वाचून मी थक्क झाले. फ्रँक ओपनहायमर, अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमरचा सख्खा धाकटा भाऊ, स्वतः पण भौतिकशास्त्रज्ञ आणि अणुबॉम्बच्याच प्रकल्पात काम केलेला. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात होता म्हणून १९४९ मध्ये त्याला विद्यापीठाची नोकरी सोडायला लागली, मग दुसरीकडे कुठे संशोधनाचं काम मिळेना, तर हा माणूस कोलोरॅडोत जाऊन गुरं पाळायला लागला. आणि तिथल्या गावच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवायला लागला, मोडक्या यंत्रांचे भाग हातात देऊन. तिथून पुढे जाऊन त्याने हे म्युझियम काढलं आणि १९८५ मध्ये जाईपर्यंत तेच केलं. त्याचं एक म्हणणं मला फार आवडलं की म्युझियममध्ये कुणी नापास होत नाही. आणि तिथलं वर्कशॉप लोकांना दिसेल असं उघडं ठेवलेलं, समोर सुतारकाम वेल्डिंग चाललंय, वस्तू बनतायत, मोडतायत, परत बनतायत, सगळं बघा. शिवाय कुठली वस्तू कशी बनवायची याची कृती छापून वाटली, की बाबांनो तुम्ही पण करा. आज जगभरात सावल्यांच्या खोल्या आणि कुजबुजीच्या तबकड्या (एकीपाशी हळूच बोललं की लांबच्या दुसरीपाशी ऐकू येतं त्या) दिसतात त्यामागे हा मोकळेपणा पण आहे.

बरं, आता सासूबाई.

कप्प्यांच्या खुर्च्या माहितीयेत ना, तीन खुर्च्या टांगलेल्या असतात, बसायचं आणि दोर ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचं. पहिलीला कप्प्या कमी, तिसरीला जास्त. मुलं बसली, नवरा बसला. लेक म्हणाली आजी तू पण. सासूबाई "नको गं बाई" म्हणत होत्या पण नजर वर कप्प्यांवर होती त्यांची, मला दिसत होतं. मी म्हटलं, "आई, बसा तुम्ही, मी धरते." बसल्या. तिसऱ्या खुर्चीवर. दोर ओढला आणि सुळ्ळकन वर! सत्तरीची बाई, स्वतःच्या हाताने स्वतःला फूटभर उचलून वर बसलीये आणि खाली सगळे टाळ्या वाजवतायत. खाली उतरल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "हलकं गेलं खरं, पण दोर बघ किती ओढला मी. आमच्या विहिरीला एकच कप्पी होती, कळशीचा सगळा भार हातावर यायचा, पण जेवढा दोर ओढला तेवढीच कळशी वर यायची."

मी बघतच राहिले. बोर्डावर जे बारीक अक्षरात दहा ओळींत लिहिलं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. एका स्थिर कप्पीने जोर वाचत नाही, फक्त वर उचलण्याऐवजी खाली ओढता येतं, अंगाचा भार टाकता येतो. कप्प्या वाढवल्या की जोर कमी लागतो पण दोर त्या हिशोबात जास्त ओढावा लागतो, फुकट काहीच मिळत नाही. मग लेक लागली वितीने दोर मोजायला, आजी खुर्चीवर आणि ही खाली वीत टाकतीये, "आजी अजून थोडी वर जा ना." तिन्ही खुर्च्या मोजल्या त्यांनी. ज्या बाईला "मला काय कळणारे त्यातलं" असं वाटत होतं तिने विहिरीवर इतकी वर्षं हेच विज्ञान हाताने केलेलं होतं आणि तिला तसं कधी कुणी म्हणालंच नव्हतं. हे लिहिताना आत्ता पण गळा भरून आलाय.

केस उभे राहतात तो व्हॅन डी ग्राफचा गोळा पण झाला, तिथे सगळ्यात मोठी रांग. आत पट्टा फिरतो, तो चार्ज वर गोळ्यावर नेऊन साठवतो, हात ठेवला की तो तुमच्या अंगभर पसरतो, सगळ्या केसांवर एकाच जातीचा चार्ज म्हणून ते एकमेकांना ढकलतात. व्होल्टेज लाखांत असतं पण करंट अगदी किरकोळ म्हणून धोका नसतो. लेकीला केसांपेक्षा पायाखालच्या प्लास्टिकच्या स्टुलाचंच पडलं होतं, की यावर का उभं करतात. तिथल्या दादाने तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, नाहीतर सगळं जमिनीत जाईल. त्या दादाला मनापासून थँक्यू, त्याने सरळ उत्तर दिलं असतं तर पोरीला ते वाक्य सुचलंच नसतं.

आता जे खटकलं ते पण सांगते, कारण मला ही जागा खूप आवडली म्हणूनच खटकलं. दर चार वस्तूंमागे एक बंद. कागद चिकटवलेला, "दुरुस्तीसाठी बंद", आणि तो कागद पिवळा पडलेला, म्हणजे कधीपासूनचा असेल बघा. आणि एका नवीन गॅलरीत सगळे टचस्क्रीन. छान चकचकीत, पण मुलं तिथे जाऊन काय करतात, तर बोटाने सरकवतात. ते घरी पण करतात! स्क्रीनवरची कप्पी जड लागत नाही हो. स्क्रीनवरच्या दोराने हाताला रग लागत नाही. हजारो मुलं रोज ओढणार, आपटणार, लोंबकळणार तर वस्तू मोडणारच, त्यात कुणाचा दोष नाही, पण मग चार नवीन स्क्रीन घेण्याआधी एक चांगला सुतार आणि एक फिटर कायमचा ठेवा ना. मी निघताना अभिप्रायाच्या वहीत हेच लिहून आले, कुठल्या कुठल्या वस्तू बंद आहेत त्यांची नावं लिहिली. तुम्ही गेलात तर तुम्ही पण लिहा, नुसतं "छान आहे" लिहून येऊ नका प्लीज.

शेवटचा तास आम्ही लंबकापाशी काढला. फुकोचा लंबक. लांब तारेला जड गोळा आणि खाली गोलाकार उभ्या केलेल्या छोट्या खुंट्या, गोळा येतो-जातो, येतो-जातो आणि मध्येच कधीतरी एक खुंटी पाडतो. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून लोकांना हे दाखवलं होतं, की बघा पृथ्वी फिरतीये, आकाशाकडे बघायची पण गरज नाही. आम्ही सगळे फरशीवर मांडी घालून बसलो, खुंटी पडायची वाट बघत. सासूबाईंना कठड्यावर जागा मिळाली. गोळा खुंटीच्या अगदी जवळून जातो, केसभर अंतर, आणि पडत नाही. परत. परत. बाजूला अजून दोन-तीन कुटुंबं येऊन बसली, ओळख ना पाळख, आणि सगळे त्या एका खुंटीकडे बघत गप्प. मग टक्क! पडली!! अनोळखी लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.

लेक म्हणाली, "गोळ्याला वळवतं कोण पण?" नवरा म्हणाला, "कुणीच नाही. तो आपला सरळच झुलतोय, खालची फरशी वळतीये." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग दोन्ही तळवे फरशीवर टेकवले आणि तशीच बसून राहिली. उत्तर ध्रुवावर हा लंबक साधारण २४ तासांत पूर्ण चक्कर मारेल, विषुववृत्तावर अजिबात वळणार नाही, आणि मधल्या जागी जितकं विषुववृत्ताच्या जवळ तितका जास्त वेळ, हे मी तिला नंतर घरी पृथ्वीचा गोल घेऊन दाखवलं. तिथे त्या वेळी काहीच बोलले नाही.

सोमवारी सकाळी शाळेच्या घाईत धाकटा माझा मोबाईल घेऊन आला. म्युझियममधून निघताना नवऱ्याने त्याला सांगितलं होतं की फोनच्या पडद्यात पण तेच तीन रंगांचे दिवे असतात, अगदी बारीक. तर याने पांढरा पडदा उघडून त्यावर पाण्याचा एवढासा थेंब टाकला होता, थेंब भिंगासारखा, आणि त्यात लाल-हिरवे-निळे ठिपके चमकत होते. मला दाखवून म्हणतो, "आई, यात पण पिवळा नाहीचे."

वरचा मजला आमचा बघायचा राहिलाय. पुढच्या महिन्यात परत जाणार आहोत, सासूबाईंनीच विषय काढला. धाकट्याने अट घातलीये, आधी सावल्या, मग वरचा मजला.