अमेरिकेत ज्युरी बसते, पण कितीदा?

‘अमेरिकेत प्रत्येक फौजदारी खटला बारा सामान्य नागरिकांपुढे चालतो, काही महिन्यांत निकाल लागतो, आणि तो पटला नाही तर कुणीही सुप्रीम कोर्टात दाद मागतो. आपण मात्र तारखाच मोजतो.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला. शेवटच्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. आधीच्या तिन्ही गोष्टींबद्दल आहे.

ज्युरीचा हक्क तिथल्या राज्यघटनेत आहे, हे खरं. पण २०१२ मध्ये मिसुरी विरुद्ध फ्राय या निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टानेच नोंदवलंय की फेडरल, म्हणजे संघराज्याच्या, कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा आरोपीच्या कबुलीवर होतात. तिथे ज्युरी बसतच नाही. सरकारी वकील सौदा पुढे करतो: गुन्हा कबूल कर, कमी शिक्षा मागतो. नाही म्हटलं तर? केंटकीच्या हेजवर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. कबूल केलंस तर पाच वर्षं, नाहीतर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो, असं सरकारी वकिलाने त्याला सांगितलं. आधीचे दोन गुन्हे नावावर होतेच. हेज खटल्याला उभा राहिला आणि त्याला जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, यात घटनाबाह्य काही नाही! (आपण ज्युरी कधीच मोडीत काढली, कबुलीचा हा सौदा मात्र २००६ पासून आपल्याकडेही आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी.)

निकाल झटपट लागतात तेही बरेचसे या कबुलीमुळेच. न्यूयॉर्कच्या केलिफ ब्राउडरने ती दिली नाही. २०१० मध्ये बॅग चोरल्याच्या आरोपावरून धरलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. जामिनाचे ३,००० डॉलर घरच्यांना जमले नाहीत. तीन वर्षं रायकर्स आयलंडच्या तुरुंगात काढली, त्यातला बराच काळ एकांत कोठडीत. २०१३ मध्ये खटला न चालताच आरोप रद्द झाले.

राहिलं सुप्रीम कोर्ट. बहुतेक खटले राज्यांच्या कोर्टांत सुरू होतात आणि तिथेच संपतात. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द शेवटचा. वॉशिंग्टनला जायचं तर राज्यघटनेचा किंवा संघराज्याच्या कायद्याचा प्रश्न हवा, शिवाय नऊपैकी चार न्यायाधीशांना तो ऐकावासा वाटायला हवा. वर्षाला हजारो अर्ज येतात, सविस्तर सुनावणी होते जेमतेम साठ-सत्तरांची. या बाबतीत आपलं सुप्रीम कोर्ट कितीतरी जास्त दार उघडं ठेवतं.

मेसेजमधल्यासारखं कधी घडलंच नाही असं नाही. क्लॅरेन्स गिडियनने फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज खरडला होता. तो ऐकून १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे. गिडियनचा खटला पुन्हा चालला, या वेळी वकिलासह. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं.