युरोपनं सीमा पुसल्या म्हणून गाड्या धावतात, हे खोटं आहे

‘युरोपनं सत्तावीस देशांच्या सीमा पुसल्या. आता अख्ख्या खंडात एकच रूळ, एकच वीज, एकच तिकीट. जवळची विमानं बंद, ट्रक रस्त्यावरून हद्दपार, आणि हे सगळं पाच वर्षांत. आपला सीमाप्रश्न सुटेपर्यंत बेळगाव-कोल्हापूरकडे असलं काही होणार नाही, मागत बसू नका. आणि विजेची बस म्हणजे फसवणूक, शेवटी कोळसाच जळतो.’

हा मजकूर बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीच्या गटांतून महिनाभर फिरतोय. परवा निपाणीच्या मावशीनं तो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, म्हणून आपल्याला जोडबस मिळत नाही.’ जोडबस म्हणजे एका बसमधून उतरल्यावर लगेच मिळणारी पुढची बस. मावशीसारखी जाणती बाई हे खरं धरून चालली असेल, तर उत्तर द्यायलाच हवं.

विमानांचं आधी संपवतो. फ्रान्सनं २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२३ च्या मे महिन्यात तो लागू झाला. रेल्वेनं अडीच तासांच्या आत पोचता येत असेल, तिथलं विमान बंद. प्रत्यक्षात बंद झाले ते पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, बोर्दो आणि लिओंला जाणारे तीन मार्ग, आणि पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठीची जोडउड्डाणं त्यातून वगळलेली. ट्रकांचं तर उलटंच आहे. युरोपीय संघात जमिनीवरून जाणाऱ्या मालाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा अजून रस्त्यावरून जातो. रेल्वेचा वाटा आपल्या रेल्वेपेक्षा कमी आहे.

‘एकच रूळ, एकच वीज.’ हे ज्यानं लिहिलं त्यानं युरोपच्या रेल्वेचा नकाशाही उघडलेला नाही. स्पेनच्या जुन्या मार्गांवर रुळांमधलं अंतर १६६८ मिलिमीटर, फ्रान्समध्ये १४३५, फिनलंडमध्ये १५२४, बाल्टिक देशांत १५२०, आयर्लंडमध्ये १६००. विजेचं त्याहून अवघड. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये १५ किलोव्होल्ट आणि तीही १६.७ हर्ट्झची. फ्रान्सच्या वेगवान मार्गांवर २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झ. इटली, बेल्जियम, पोलंडमध्ये ३ किलोव्होल्ट डीसी, नेदरलँड्समध्ये दीड किलोव्होल्ट डीसी. सिग्नलची पद्धत देशागणिक वेगळी. इंजिनावर दोन-तीन प्रकारच्या विजेची आणि सिग्नलची यंत्रं एकत्र बसवावी लागतात, त्यानं वजन आणि किंमत वाढते. नाहीतर सीमेवर इंजिन बदलायचं.

मिरजेला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. एका गाडीतून उतरून दुसरीत सामान चढवणं काय असतं, हे आपल्या जुन्या माणसांना कुणी सांगायला नको. १९९२ मध्ये रेल्वेनं सगळीकडे एकच गेज करायचं ठरवलं. आज बेळगाव नैर्ऋत्य रेल्वेत आणि मिरज मध्य रेल्वेत असलं, तरी रूळ तोच १६७६ मिलिमीटरचा आणि वीज तीच २५ किलोव्होल्टची. बेळगाव ते मिरज रेल्वेमार्गावर जी एकसंधता आहे, त्यासाठी युरोप अजून अब्जावधी युरो खर्च करतोय.

‘पाच वर्षांत’ या शब्दांना उत्तर द्यायला एक दस्तऐवज पुरतो. युरोपीय संघाच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये सीमा ओलांडणारे आठ मोठे प्रकल्प तपासले. त्यांत बाल्टिक देशांतला नवा रेल्वेमार्ग, लिओं-तुरिन बोगदा, ब्रेनर बोगदा, डेन्मार्क-जर्मनी समुद्राखालचा बोगदा हे सगळे आले. सरासरी उशीर ११ वर्षांचा. खर्च मूळ अंदाजापेक्षा १७ अब्ज युरोंहून जास्त, म्हणजे ४७ टक्के वाढलेला. कारणंही त्यांनीच दिलीत. प्रत्येक देश आपल्या हद्दीतलं काम आपल्या सोयीनं करतो. ब्रेनरचा ५५ किलोमीटरचा बोगदा ऑस्ट्रिया आणि इटली मिळून खोदतायत, पण उत्तरेकडून त्याला जोडणारा जर्मनीतला मार्ग त्यानंतर कित्येक वर्षांनी व्हायचा आहे. २०२४ मध्ये झालेल्या युरोपीय संघाच्या नव्या नियमात वाहतुकीच्या मुख्य जाळ्याला २०३०, विस्तारित मुख्य जाळ्याला २०४० आणि उरलेल्याला २०५० ची मुदत आहे. मालगाडी ७४० मीटर लांबीची चालावी, एका आसावर साडेबावीस टन पेलावेत, प्रवासी गाडी ताशी १६० किलोमीटरनं धावावी, हे सगळं त्या मुदतींत मोजलं जाणार. पाच वर्षांची गोष्ट कुठेच नाही.

‘एकच तिकीट’ही नाही. जर्मनीत मे २०२३ पासून ४९ युरोंत महिनाभर सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या चालायला लागल्या (दर नंतर वाढला), पण ते जर्मनीपुरतं, आणि लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या त्यात नाहीत. दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिली गाडी उशिरा आली, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी बहुतेकदा कुणी घेत नाही. त्यांचे प्रवासी यावरूनच भांडतायत.

आता कोळशाचं. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागतं. एसटीची साधी डिझेल बस लिटरला साडेचार किलोमीटर धरली आणि लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, तर किलोमीटरला ०.६ किलो. डिझेल शुद्ध करून पंपापर्यंत आणताना निघणारा कार्बन डायऑक्साइडही मिळवला की ०.७ च्या आसपास. विजेची बस किलोमीटरला साधारण १.१ युनिट घेते, आणि आपल्या ग्रिडवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यावर, युनिटमागे सुमारे ०.७ किलो निघतो, म्हणजे ०.७७. बरोबरीच झाली, थोडी जास्तच. युरोपची वीज आपल्यापेक्षा बरीच स्वच्छ असल्यानं तिथं हाच आकडा पाव किलोच्या घरात येतो. आपल्याकडे विजेच्या बसचा खरा फायदा स्टँडवर आणि बाजारपेठेत होतो. काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड माणसांच्या नाकाशी येत नाही, आणि ग्रिड सुधारेल तशी तीच बस आणखी स्वच्छ होत जाते.

पण हिशेब माणशी करायचा असतो. त्याच ०.६ किलोच्या जुन्या डिझेल बसमध्ये ४० माणसं बसली, तर माणशी किलोमीटरला १५ ग्रॅम. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटरसायकलवर एकटा माणूस ४६ ग्रॅम. विजेच्या कारमध्ये एकटा, किलोमीटरला ०.१५ युनिट धरून, १०५ ग्रॅम. भरलेली लालपरी एकट्याच्या विजेच्या कारपेक्षा सात पटींनी स्वच्छ आहे. आणि निपाणीला उतरल्यावर चिकोडीची बस पाच मिनिटांपूर्वी गेली असेल, तर माणूस पुढच्या महिन्यात गाडीचा हप्ता सुरू करतो. धूर तिथं वाढतो.

आता ज्या मुद्द्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतंय तो. ‘सीमाप्रश्न सुटेपर्यंत काही होणार नाही.’

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आपल्या जागी, आपली मागणी आपल्या जागी. बसच्या वेळापत्रकानं त्यातलं कुणाचं काही जात नाही. युरोपात देशांमध्ये जकात उठली, पासपोर्ट तपासणी बरीच कमी झाली, त्याचा उपयोग झाला हे खरं. पण सगळ्यात चांगली उदाहरणं स्वित्झर्लंडच्या सीमेवरची आहेत, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाहीच. तिथली जकातीची सीमा आजही जिवंत आहे.

बाझल शहर बघा. तिथलं एक मोठं रेल्वेस्थानक स्वित्झर्लंडच्या भूमीवर आहे आणि ते चालवते जर्मन रेल्वे, १८५२ च्या करारानुसार. बाझलची ८ नंबरची ट्राम डिसेंबर २०१४ पासून जर्मनीतल्या वाइल गावात जाते. ३ नंबरची डिसेंबर २०१७ पासून फ्रान्समधल्या सें-लुईला. जिनिव्हाभोवती डिसेंबर २०१९ पासून धावणारी लेमान एक्सप्रेस २३० किलोमीटर आणि ४५ स्थानकं जोडते. काही भाग स्विस, काही फ्रेंच. तिच्या डब्यांना दोन्ही देशांची वीज चालते आणि ती चालवायला दोन्ही रेल्वेंनी मिळून एक कंपनी काढली. सीमा एक इंचही हलली नाही.

ते हे करतात कसं? आधी वेळापत्रक, मग बांधकाम. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून गाड्या ठरावीक मिनिटाला सुटतात. मोठ्या स्थानकात सगळीकडच्या गाड्या तासाच्या थोड्या आधी येतात आणि तास उलटताच सुटतात, म्हणजे कुठूनही कुठेही बदलता येतं. त्यासाठी दोन स्थानकांमधलं अंतर तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या थोडं आत कापलं जावं लागतं. बर्न-झ्युरिचला ६९ मिनिटं लागत होती. नवा मार्ग बांधून २००४ मध्ये ती ५६ वर आणली. वेग त्या तासापुरताच वाढवला, उगाच नाही.

हेच निपाणीला लावा. कोल्हापूरहून, बेळगावहून, चिकोडीहून येणाऱ्या बस ५० व्या मिनिटाला स्टँडवर, आणि ५ व्या मिनिटाला सगळ्या बाहेर. कोल्हापूर-निपाणी सुमारे ४० किलोमीटर. कागलला थांबा किती वेळ, यावर ते गणित बसतं किंवा फसतं. बिघडतं ते इथं: प्रत्येक आगार चालक-वाहकांच्या पाळीप्रमाणे वेळा लावतं, समोरच्या राज्याची बस कधी येते हे बघतच नाही. दुसरं, उशिराचा नियम लिहिलेला नसतो. जोडबसनं पाच मिनिटं थांबायचं आणि रात्रीच्या शेवटच्या बसनं समोरची येईपर्यंत थांबायचं, एवढं कागदावर हवं.

पैशांचं भांडणही सुटण्यासारखं आहे. महाराष्ट्रात महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मोफत, आणि दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपर्यंत. पण शक्तीतही कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतोच, आणि त्यावरून सरकार महामंडळाला भरपाई देतं. म्हणजे प्रवासी मोजायची सोय आहे. दोन महामंडळांनी तिकिटांचा हिशेब महिन्याला एकमेकांसमोर मांडला, तर वाटणी होते. फास्टॅग महाराष्ट्रातल्या किणीच्या टोलनाक्यावर चालतो, कर्नाटकातल्या कोगनोळीलाही चालतो. त्यासाठी सीमाप्रश्नाची वाट कुणी पाहिली नाही.

डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ताण वाढला तेव्हा आंतरराज्य बस थांबल्या आणि हाल झाले ते प्रवाशांचे, हे आपण पाहिलंय. म्हणून तर लेखी व्यवस्था हवी. बस कुणाच्या आदेशानं थांबेल, सीमेपर्यंत दोन्ही बाजूंची सेवा चालू राहील का, प्रवाशाला आधी कसं कळेल, हे सगळं त्यात यावं.

आणि हे मागायची जागा कायद्यातच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ८८ वाचा. आंतरराज्य परवान्यांची संख्या ठरवणारा करार करायचा तर दोन्ही राज्यांनी प्रस्ताव राजपत्रात आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापायचा, आणि लोकांचं म्हणणं ऐकायला किमान ३० दिवस द्यायचे. मावशी, हे ३० दिवस आपले आहेत. ‘बस वाढवा’ एवढंच लिहून पाठवू नका. कुठल्या मार्गावर, कुठल्या मिनिटाला, निपाणीला कुठल्या बसशी जोड हवी आणि उशीर झाला तर किती थांबायचं, ते लिहा, आणि एकच मजकूर दोन्ही राज्यांच्या परिवहन खात्याला द्या. मुदत टळल्यावर दिलेल्या पत्राची त्या करारासाठी दखल घ्यायला कुणी बांधील नसतं.