हलला का ठिपका?

मी लेहला आठ दिवस राहिलो, माझी सायकल दहा दिवस. तिला तिथली हवा मानवली असं काही नाही. परतीच्या विमानात मला जागा होती, तिला नव्हती, एवढंच. हे मला दिल्लीच्या विमानतळावर कळलं, तोंडात समोसा असताना. सांगितलं ते विमान कंपनीने नाही. ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या घरी सोफ्यावर लोळत पडलेल्या माझ्या लेकीने सांगितलं.

पण गोष्ट खोक्यापासून सांगायला हवी.

सायकल विमानाने न्यायची तर आधी ती खोलावी लागते. दोन्ही चाकं काढायची, टायरमधली हवा सोडायची, सीट उतरवायची, हँडल फिरवून फ्रेमला बांधायचं, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, सोडवून जुन्या बनियनमध्ये गुंडाळायचा आणि पेडल काढायची. उजवं पेडल दोन मिनिटांत निघालं. डाव्याशी मी अर्धा तास झुंजलो. पान्यावर चक्क उभा राहिलो. शेवटी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, उलटे आटे नसतील ना?" डाव्या पेडलचे आटे खरंच उलटे असतात, पाय मारता मारता ते सुटून येऊ नये म्हणून. म्हणजे अर्धा तास मी ते मन लावून घट्ट करत होतो. गेली चार वर्षं रोज सकाळी येऊर चढणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं, हे मला मान्य आहे. रोज म्हणजे रविवारी.

खोका सायकलच्या दुकानात फुकट मिळतो. पण मी गेलो त्याच्या आदल्या दिवशी दुकानदाराने सगळे रद्दीत घातले होते. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका आठवले. त्यांच्याकडे नुकताच 65 इंची टीव्ही आला होता आणि त्याचा खोका बाल्कनीत उभा होता. काकांनी तो दिला, पण मुलगी सासरी पाठवावी तशा चेहऱ्याने. टीव्हीच्या पडद्यावर पहिल्या दिवसापासून एक हिरवी उभी रेघ होती. कंपनी बदलून देते म्हणाली होती, फक्त कधी ते म्हणाली नव्हती. "खोका नसला की हे लोक हात वर करतात. तेव्हा जसा नेतोयस तसाच परत आण." खोक्यावर काकांचं नाव नि फ्लॅट नंबर असलेलं हातभर लेबल होतं. ते सोलायला लागलो तर काकांनी हात धरला. "लेबल नको फाडूस. वॉरंटी जाईल."

सायकल आत गेल्यावर खोक्याला मधोमध पोट आलं. माझ्याशी साम्य नको तितकं होतं.

आता टॅग, म्हणजे सामान कुठे आहे ते फोनवर दाखवणारी वस्तू. आमच्या घरात आयफोन एकटीकडे, लेकीकडे. मी अँड्रॉइडवाला. तिने आपल्या किल्ल्यांना लावलेला एअरटॅग उदार मनाने मला दिला. दहाच्या नाण्याहून जराशी मोठी पांढरी टिकली. मी चोरावर मात करायची म्हणून ती सीटखालच्या नळीत खोल सारली. लेकीने डोळे फिरवले. "बाबा, ॲल्युमिनियमच्या नळीतून सिग्नल कसा येईल? डब्यात बसून हाक मारल्यासारखं आहे ते." मग टिकली सीटच्या पोटाखाली छोट्या पाउचमध्ये गेली.

मला वाटायचं ही वस्तू थेट उपग्रहाशी बोलत असणार. कसलं काय! तिच्यात जीपीएस नसतंच. ती नुसती ब्लूटूथवरून "मी इथे आहे, मी इथे आहे" असं पुटपुटत बसते. शेजारून कुणाचा आयफोन गेला की तो ते ऐकतो आणि स्वतः कुठे आहे ते गुपचूप मालकाला कळवतो. त्या फोनवाल्याला याचा पत्ताही नसतो. 2021 साली हे बाजारात आलं तेव्हा जगाला फार अप्रूप वाटलं. आमच्या लहानपणी नौपाड्यातल्या चाळीत हेच काम गॅलरीत उभ्या असलेल्या काकू करायच्या, आणि त्यांचा सेल कधी संपायचा नाही.

जाताना सगळं सुरळीत झालं. त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गंमत खारदुंगला ही खिंड चढताना झाली. माथ्यावरचा जुना फलक 18,380 फूट म्हणत आलाय, जीपीएसची मोजणी 17,582 म्हणते. माझ्या फुप्फुसांनी फलकाच्या बाजूने मत दिलं. तर त्या चढावर माझी सायकल चिवचिवायला लागली. बारीक, पण स्पष्ट. बरोबरच्या तिघांनी सायकली थांबवल्या. एकाने चेनला तेल घातलं, दुसऱ्याने बेअरिंग गेलं असं निदान केलं, तिसरा ब्रेकवर घसरला. ढकलली की चिवचिव, उभी केली की गप्प. संध्याकाळी लेहला उतरल्यावर माझ्याच फोनवर इशारा आलेला दिसला, की एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत प्रवास करतोय. पोटात गोळा आला. सीमेजवळचा भाग, हेर वगैरे. लेकीला फोन लावला तर ती पाच मिनिटं हसतच होती. टॅग तिच्या नावावर. मालकापासून दुरावलेला टॅग 8 ते 24 तासांत कधीतरी, हलवला की आपणहून आवाज करतो, कुणी कुणाचा चोरून पाठलाग करू नये म्हणून. म्हणजे माझ्यावर पाळत होती, पण पाचपाखाडीतून.

मग ती परतीची सकाळ. लेहचा विमानतळ 3,256 मीटरवर. तिथली हवा इतकी विरळ, की पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांनाही जोर कमी येतो. ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते, वाराही सुटतो, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच उरकतात. वजन जास्त भरलं तर सामान खाली उतरवतात. शास्त्र निर्दोष आहे. आठ दिवसांत मी दोन किलो उतरलो होतो, ते अपुरे पडले.

दिल्लीला लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही दिल्लीला ना? सायकल लेहलाच आहे. दोन तासांत हललेली नाही."

पुढचे दोन तास मी एक रहस्य पोटात घेऊन उडालो. मुंबईत पट्ट्यापाशी सगळे आशेने उभे, प्रत्येक बॅग आपलीच असल्यासारखे पुढे वाकत होते. मला तेवढीही सोय नव्हती. काउंटरवरची मुलगी गोड होती. "सर, मोठं सामान उशिरा येतं, थांबा जरा." मी म्हणालो, ते लेहमध्ये आहे. ती म्हणाली, सिस्टिममध्ये तसं दिसत नाहीये. माझ्याजवळ दहा आकड्यांची सामानाची चिठ्ठी होती, तिच्याजवळ सिस्टिम. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा 753 क्रमांकाचा ठराव आहे, जून 2018 पासून लागू. बॅगेची नोंद चार ठिकाणी व्हायला हवी: ताब्यात घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. हे मी दिल्लीला बसल्या बसल्या वाचून काढलं होतं, ते तिला ऐकवलं. तिने शांतपणे फॉर्म पुढे केला.

"वस्तू काय होती?"

"सायकल."

"आणि खोक्यावर?"

"टीव्ही."

तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, टीव्ही-सायकल. रंग, तपकिरी.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात टीव्ही लागला नाही. सगळे लेकीच्या फोनभोवती. ती दर तासाला नकाशाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायची आणि डोंबिवलीहून भावाचा एकच प्रश्न यायचा, "हलला का ठिपका?" पहिल्या दिवशी दुपारी तो साधारण चाळीस मीटर हलला. आईने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी तो चाळीस मीटर परत आला. साखर मुंग्यांनी नेली होती, नाहीतर आईने तीही परत उचलली असती. मी आठ दिवस तिथे होतो तेव्हा ग्रुपवर "पोचलास का" याच्यापुढे कुणी विचारलं नव्हतं, हे मी फक्त नोंदवून ठेवतो.

आणि एक सांगतो. वस्तू हरवली की माणूस रडतो, मग झोपतो. वस्तू कुठे आहे हे मीटरपर्यंत ठाऊक असलं की झोपही जाते. रात्री तीनला उठून मी लेकीचा फोन चोरून पाहिला. सायकल जागच्या जागी होती. मीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका दिल्लीला उगवला. मग काही तास नकाशा मुका झाला, म्हणजे ती हवेत असणार. तीनच्या सुमाराला मुंबई! पाच वाजता ठिपका जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याला लागला आणि घरात धावतं समालोचन सुरू झालं. ईस्टर्न एक्स्प्रेसच्या गर्दीत आयफोनवाल्यांची काय कमतरता! मुलुंड. तीन हात नाका. नितीन कंपनी, आता उजवीकडे वळणार... सरळ गेला. कॅडबरी. माजिवडा. "अरे, थांबव त्याला!" आई ओरडली, जणू मी खिडकीतून हात केला तर गाडी थांबणार होती. ठिपका घोडबंदर रोडने पार कासारवडवलीला गेला, कुणाची तरी बॅग टाकून परत फिरला आणि तलावपाळीवर पंचवीस मिनिटं उभा राहिला. ड्रायव्हरलाही भूक लागतेच. पण खाऊन झाल्यावर माणसं तलावाकडे बघत किती वेळ बसतात!

पावणेआठला ठिपका आमच्या इमारतीवर बरोब्बर येऊन बसला. आई आरतीचं तबक घेऊन दारात, मी दार सताड उघडून. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बेल नाही. लिफ्ट नाही. ठिपका म्हणतोय घरात आहे, घरात तर आम्हीच.

"बाबा, नकाशाला मजला कळत नाही," लेक म्हणाली.

मग आम्ही जिन्याने निघालो. ती पुढे, फोन समोर धरून. मी मागे, माझ्यामागे तबक. चौथा मजला, काही नाही. तिसरा, काही नाही. दुसऱ्या मजल्यावर तिच्या फोनला टॅग सापडला. तिने आवाजाचं बटण दाबलं.

203 च्या बंद दारामागे माझी सायकल चिवचिवली. आणि लगेच काकांचा आवाज आला, बहुधा कस्टमर केअरवर:

"अहो, पहिल्यात निदान नुसती रेघ होती! हा बदलून पाठवलात तो तर खोक्यातूनच ओरडतोय!"