१२८ चं ३२० केल्यानं खंजिरी परत येत नाही

भजन मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: '१२८ केबीपीएसची भजनं अ‍ॅपने ३२० करा, खंजिरीचा मूळ आवाज परत येतो, मग जुन्या फायली डिलीट करा. कमी केबीपीएसने कानही जातात.' केबीपीएस म्हणजे दर सेकंदाच्या आवाजासाठी फायलीत किती डेटा ठेवलाय ते. काल काकांनी अर्धं मेमरी कार्ड कन्व्हर्ट करून टाकलं, म्हणून हे लिहितोय.

एमपी३ बनवतानाच मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज फेकले जातात. १२८ ला तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी उंच पट्टीचं, जवळपास सगळंच. जे फेकलं ते फायलीत नसतंच, मग अ‍ॅप आणणार कुठून? ताकात पाणी ओतलं तर गंज भरतो, लोणी येत नाही बाप्पा! पाच मिनिटांचं भजन ४.८ एमबीचं १२ एमबी होतं, एवढाच फरक. वरून पुन्हा एमपी३ बनवताना दुसऱ्यांदा गाळणी लागते ती वेगळीच.

खात्री करायची तर ऑडॅसिटी या फुकटच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये दोन्ही फायली उघडा, ट्रॅकच्या मेनूत स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या पट्टीचा आवाज किती आहे ते दाखवणारं चित्र) निवडा आणि कमाल फ्रिक्वेन्सी २०००० ठेवा (जुन्या आवृत्तीत ती ८००० असते, मग काहीच कळत नाही). वरचा पट्टा १२८ मध्ये रिकामा दिसेल, ३२० मध्येही रिकामाच.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. ६४ केबीपीएसला खंजिरीच्या चकत्या चिरकतात. एमपी३ आवाजाचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडते. थाप अचानक पडली की तिची खरखर त्या तुकड्यात थापेच्या आधीही पसरते. थापेनंतरची खरखर कान झाकून घेतो, आधीची तेवढी झाकत नाही. गाणाऱ्याच्या गळ्याला एवढा धक्का बसत नाही. जुन्या लँडलाइन फोनवर ३४०० हर्ट्झच्या वरचं काही येत नाही, तरी माणूस ओळखू येतोच ना? आणि भोंग्यावर वाजवणार असाल तर वादच नको, तो सहसा १६ किलोहर्ट्झपर्यंत पोचतच नाही.

कान जातात ते आवाज मोठा ठेवल्यानं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. त्यात केबीपीएस कुठेच नाही.

खरा घात 'जुन्या फायली डिलीट करा' यात आहे. कॅसेटवरून उतरवलेल्या भजनाची टेप तुटली असेल तर ती फाईलच शेवटची. नवीन रेकॉर्डिंग रेकॉर्डरवर वेव्हमध्येच (काहीही न फेकणारी फाईल) ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. पाच मिनिटांना ५३ एमबी लागतील, लागू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. स्पीकरसमोर मोबाईल धरून व्हॉइस नोट करू नका. आणि काकांसारखं करून बसला असाल, तर १२ एमबीवाली उडवा, ४.८ वाली ठेवा.