नदीकाठी बुडणारी बाग करा

पुण्यात नदीकाठचा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो विकास पाहिजे, दुसरा म्हणतो झाडं वाचवा, आणि त्या भांडणात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो की नदीकाठी बाग करायची म्हणजे नक्की काय करायचं, कुणासाठी करायचं आणि पावसाळ्यात त्या बागेचं काय होणार. मला यावरच लिहायचंय. पोस्ट मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण नदीकाठ सुधार प्रकल्पाचं काम आत्ता चालू आहे आणि एकदा काँक्रीट पडलं की ते आपल्या हयातीत कुणी काढणार नाही.

आधी पाण्याचं बोलू. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत काय झालं ते सगळ्यांना माहितीये. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) आसपास पाणी सोडलं होतं, लोक झोपेतून उठले तर पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली, तळमजले पाण्याखाली, माणसांना बोटीतून बाहेर काढायला लागलं. आता मुठेची निळी पूररेषा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आखलीये ती ६० हजार क्युसेकला आणि लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, १ लाखाला. म्हणजे निळ्या रेषेच्या हिशोबात जेवढं पाणी धरलंय त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी आलं आणि घरं बुडाली. गेल्या तीस-चाळीस वर्षांत पात्रात किती राडारोडा पडला, किती भराव झाले, किती ओढे पाइपात घातले ते आपण डोळ्यांनी बघितलंय. नदीची जागा आपण खाल्लीये आणि नदी ती परत मागतीये, एवढा साधा हा प्रकार आहे.

अशा नदीच्या काठी जेव्हा आपण बाग करायला निघतो तेव्हा पहिला प्रश्न लॉन कुठलं आणि दिवे कुठले हा असूच शकत नाही. पहिला प्रश्न हा की पूर आला की पाणी कुठं पसरणार.

पुण्याचा नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळामुठा मिळून ४४ किलोमीटरचा आहे, मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. अहमदाबादला साबरमतीच्या काठाचं काम ज्यांनी केलं त्यांनीच इथला आराखडा केलाय. प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही नीट ऐकायला पाहिजे, ते म्हणतात काठावर कचरा आहे, डास आहेत, सामान्य माणूस नदीपर्यंत पोचतच नाही, त्याला सलग चालायला रस्ता मिळेल, बसायला जागा मिळेल, पुराची पातळी कमी होईल. यातलं लोकांना नदीपर्यंत पोचता यावं हे मला शंभर टक्के मान्य आहे. आत्ता पुण्यातल्या किती पोरांनी नदीला जवळून बघितलंय? पुलावरून जाताना नाक दाबून बघतात तेवढंच.

पण साबरमतीची नदी वेगळी आणि आपली वेगळी. तिकडे शहरातून जाणारं पात्र सपाट प्रदेशातलं, पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडं, आता त्यात जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. दोन्ही बाजूंनी भिंती घालून पात्राची रुंदी साधारण २६३ मीटर एकसारखी करून टाकली आणि जी जमीन मोकळी झाली तिच्यावर रस्ते, बागा, इमारती आल्या. आपली मुठा सह्याद्रीतून उतरते, डोक्यावर टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला अशी धरणं, तीसएक किलोमीटरवर घाटमाथ्याचा पाऊस, शेजारच्या मुळेला रामनदी, देवनदी, पवना येऊन मिळणार, काठाला खडक, डोह, जिवंत झरे. ही नदी एकसारख्या रुंदीची कधी नव्हतीच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून आपल्या पेठांमध्ये आहेत, त्यांना विचारा पाणी कुठंपर्यंत आलं होतं.

मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की पुराबरोबर राहायचं डिझाइन आपल्याच जिल्ह्याशेजारी अडीचशे वर्षं उभं आहे आणि आपण ते बघत नाही. वाईला जा. कृष्णेच्या काठी ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं. त्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीये, का, तर पुराचं पाणी येऊन धडकलं की ते दोन बाजूंना फाटून जावं. घाटाच्या पायऱ्या दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, पाणी उतरलं की लोक परत येऊन बसतात, शेजारच्या मेणवलीलाही तेच. त्या लोकांनी पाण्याला अडवलं नाही, पाणी येणार हे धरूनच बांधलं. आणि घाट होता तो गावापुरता, देवळापुरता, बाकीचा काठ मातीचाच होता, तिथं करंज, उंबर, वाळुंज उभे होते. महापुरात लव्हाळे वाचतात हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं, मग इंजिनिअरिंगमध्ये ते का येऊ नये?

आणि ते आलंय, फक्त दुसरीकडे. सिंगापूरमध्ये बिशान-आंग मो किओ पार्क आहे. तिथं कालांग नदी काँक्रीटच्या सरळ कालव्यात कोंबलेली होती, २.७ किलोमीटर लांब, आपला आंबिल ओढा जसा भिंतींमध्ये कोंबलाय तशीच. २०१२ पर्यंत त्यांनी तो कालवा फोडून काढला आणि पार्कमधून वळणं घेत जाणारी ३.२ किलोमीटरची नदी केली. काठ धरून ठेवायला भिंत नाही, झाडांची मुळं, दगड, गवत, फांद्यांच्या जुड्या यांचा वापर केला. कोरड्या दिवसात माणसं पार पाण्यापर्यंत उतरतात, पोरं दगडावरून पाय ठेवत पलीकडे जातात, आणि जोराचा पाऊस आला की नदी पसरते, पार्कचा मोठा भाग पाण्याखाली जातो. त्याच्या आधी सेन्सरवरून भोंगा आणि दिवे लागतात, लोक वर सरकतात. जुन्या कालव्याचे काँक्रीटचे तुकडे फेकून न देता त्यांची एक टेकडी केलीये बागेत. हे सिंगापूर आहे, इंच इंच जमिनीला भाव असलेलं शहर, त्यांना नदीला जागा देणं परवडतं.

हॉलंडमध्ये नायमेखन शहरात तर यापुढे जाऊन वाल नदीचा बांधच साडेतीनशे मीटर मागे नेला, त्यासाठी पन्नासच्या आसपास घरं हलवली, नदीला जास्तीचा प्रवाह खोदून दिला आणि मधे जे बेट तयार झालं ते लोकांसाठी नदीची बाग म्हणून मोकळं केलं. जे लोक शेकडो वर्षं बांध बांधत आले त्यांनी बांध मागे घेतला. आणि आपण आत्ता नदीकाठ प्रकल्पात बांध नदीकडे पुढे सरकवतोय.

तर माझं म्हणणं असं आहे. नदीकाठची बाग ही बुडणारी बाग असली पाहिजे. सगळ्यात खालचा पट्टा नदीचा, तिथं गवत, लव्हाळं, शेरणीची झुडपं, वाळुंज, आणि चालायला फक्त मातीची पायवाट, वाहून गेली तर पुढच्या वर्षी परत घालायची, खर्च किती येतो त्याला. त्याच्या वर पोरांची खेळायची मैदानं, मोकळी, त्यात काही पक्कं बांधायचं नाही, वर्षातले चार दिवस बुडाली तर काही बिघडत नाही, राहिलेला चिखल खरवडून काढायचं बजेट मात्र आधीपासून ठेवायचं. आणि शौचालयं, दिवे, पाण्याची टाकी, चहाचं दुकान, हे सगळं पूररेषेच्या वर. एवढं जरी पाळलं तरी भिंतींची गरज कितीतरी कमी होईल. पक्ष्यांना पण हाच खालचा पट्टा लागतो, येरवड्याला सलीम अली अभयारण्याच्या काठावर हिवाळ्यात सकाळी उभं राहा, शेकाटे, थापट्या, चक्रवाक दिसतात, ते दलदल आणि उथळ पाणी आहे म्हणून दिसतात. एकसारखं खोल पाणी साठवून ठेवलं तर ते येणार नाहीत.

आता माणसांचं. याच्यावर कुणी बोलतच नाही म्हणून मला बोलायचंय.

आमच्या घराजवळ एक बाग आहे, चांगली आहे, झाडं मोठी आहेत. सकाळी काही तास उघडी आणि संध्याकाळी काही तास, मधे भर दुपारी कुलूप. दुपारी सावलीची सगळ्यात जास्त गरज कुणाला असते? बांधकामावरच्या बायका, डिलिव्हरीची पोरं, धुणंभांड्याच्या दोन कामांच्या मधे तासभर मोकळ्या असलेल्या मावश्या, त्या सगळ्या बागेच्या बाहेर फुटपाथवर कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत बसलेल्या असतात आणि आत वडाखालची बाकं रिकामी. मी वॉचमनदादांना विचारलं तर ते म्हणाले ताई वेळ वरून ठरते, दुपारी जोडपी येतात म्हणून तक्रारी आल्या होत्या. म्हणजे दोन मुलं बाकावर शेजारी बसली म्हणून अख्ख्या वस्तीची सावली बंद. मला हे अजिबात पटत नाही. तरुण मुलांनी या शहरात बसायचं कुठं, प्रत्येक वेळी कॅफेत दोनशे रुपये द्यायचे का?

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना बागेत न्यायचं म्हणजे मला तीन गोष्टी बघाव्या लागतात, पाठ टेकायला असलेला बाक, हाताला धरायला कठडा आणि जवळ स्वच्छ संडास. यातलं तिसरं नसेल तर त्या येतच नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत घरून निघताना. बायकांचा बागेतला वेळ संडासावर ठरतो, हे डिझाइन करणाऱ्यांच्या कागदावर पहिल्या पानावर असायला पाहिजे. त्याऐवजी पहिल्या पानावर कारंजं असतं, सेल्फी पॉइंट असतो, रंगीत एलईडी असतात. कारंजं सहा महिन्यांत बंद पडतं आणि त्याच्या हौदात पाणी साठून डेंग्यूचे डास होतात.

पेव्हर ब्लॉकचं तर काय बोलायचं. एप्रिलमध्ये दुपारी चारला पेव्हरवर अनवाणी उभं राहून बघा. माती होती तिथं पाणी मुरायचं, आता ते वाहून गटारात जातं, आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक लावून झाडाचा गळाच आवळतात. पोरांना माती, वाळू, एखादा चढता येईल असा फांद्यांचा पेरू किंवा चिंच एवढं दिलं तरी ती दोन तास रमतात, माझी मुलगी महागड्या घसरगुंडीवर पाच मिनिटं थांबते आणि पाइप फुटलेल्या कोपऱ्यात चिखलात तासभर.

मुंबईला आपण कितीही नावं ठेवली तरी दोन गोष्टी तिथं फार शहाणपणाच्या झाल्यात. शिवाजी पार्कचा कट्टा आणि मरीन ड्राइव्हचा कट्टा. फाटक नाही, तिकीट नाही, वेळ नाही, वॉचमनची शिट्टी नाही. करोडपती आणि टॅक्सीवाला एकाच दगडावर बसतो, रात्री बारा वाजता बाई एकटी बसू शकते कारण रस्त्यावरून सगळं दिसतं आणि माणसं असतात. सुरक्षितता उंच भिंतीतून आणि काटेरी जाळीतून येत नाही, ती माणसांच्या वर्दळीतून येते. मरीन ड्राइव्हला सावली नाही हा मोठा दोष आहे, आणि आता कोस्टल रोडच्या भरावावर जी जवळपास ७० हेक्टर मोकळी जागा तयार झालीये तिथं तरी मोठी, खाऱ्या वाऱ्यात टिकणारी झाडं लावा, उंडी लावा, पारोसा भेंडी लावा, शोभेची पाम नकोत. आणि धारावीच्या शेजारी मिठीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकर, ती जागा म्हणजे एकेकाळी मुंबईचं कचरा डम्पिंग होतं. कचऱ्यावर जंगल उभं राहिलं, १९९४ ला लोकांसाठी खुलं झालं, शेजारी खारफुटी आहे. त्यामुळे जागा घाण आहे म्हणून काँक्रीट करायला लागतंय हे कारण मला कुणी देऊ नये.

घाणीचं आलंच आहे तर, नदीकाठी बसायला कुणाला आवडेल हे शेवटी नदीच्या वासावर ठरणार. जायका या जपानी संस्थेच्या मदतीतून ११ मैलापाणी प्रक्रिया केंद्रं, ३९६ एमएलडी (रोज ३९६ दशलक्ष लिटर) क्षमतेची, हा प्रकल्प काठ सुशोभीकरणाच्या आधी मंजूर झालेला होता. क्रम सरळ आहे, आधी सांडपाणी थांबवा, मग पात्रातला राडारोडा उचला, मग झाडं, मग बाकं. आपल्याकडे बाकं आधी आली.

एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर या प्रकल्पात जाणाऱ्या झाडांसाठी चिपको मोर्चात चालले, त्यात आजी-आजोबा होते, कॉलेजची पोरं होती, पहिल्यांदाच रस्त्यावर उतरलेल्या माझ्यासारख्या बायका होत्या. ते विकासाच्या विरोधातले लोक नाहीत. त्यांना नदीकाठी रोज जायचंय म्हणून ते आले होते.

महापालिकेकडे माझी मागणी एकच आहे. जिथं अजून काम सुरू झालेलं नाही तिथला फक्त एक किलोमीटर काठ भिंतीशिवाय करून दाखवा. मातीचा उतार, इथलीच झाडं, फाटक नाही, वर दोन चांगले संडास, दुपारभर उघडा. ठरवायच्या बैठकीला शेजारच्या वस्तीतल्या बायका, तिथले माळी, मासे पकडणारे, म्हशी धुवायला आणणारे, पक्षी बघणारे आणि पूररेषा आखणारे पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर असे सगळे एकत्र बसवा, संध्याकाळी सातनंतर ठेवा म्हणजे कामावरची माणसं येऊ शकतील. दोन पावसाळे तो काठ बघू, पाणी कसं पसरतं, माती किती टिकते, माणसं किती येतात ते मोजू आणि उरलेल्या काठाचा आराखडा त्याच्यानंतर उघडू.