‘शंभरपट परत मिळेल’ सांगताना गाळल्या जाणाऱ्या ओळी

एक दावा खूप फिरतो: दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देणं) म्हणजे बी, ते पेरलं की देव शंभरपट देतो, आणि ज्याची तंगी सरत नाही त्याचा विश्वासच उणा. सोबत बायबलमधली चार वचनं जोडलेली असतात. चारही खरी आहेत. खोट आहे ती आजूबाजूच्या ओळी गाळण्यात.

मलाखी 3:10. ‘आकाशकपाटे’ उघडतील, एवढंच वाचून दाखवतात. त्याच वचनाची सुरुवात सांगते की दशमांश भांडारात आणायचा, तो देवाच्या मंदिरात अन्न असावं म्हणून. हा दशमांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि जनावरांचा. तो लेव्यांसाठी, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या वंशासाठी, कारण त्यांना इतर वंशांसारखं जमिनीचं वतन नव्हतं. आणि बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या 14:28-29 नुसार दर तिसऱ्या वर्षी परदेशी, अनाथ, विधवांसाठीही. तो थांबला की काय होतं, ते नहेम्या 13:10 मध्ये आहे: लेवी सेवा सोडून शेतांकडे निघून गेले. शिवाय मलाखी बोलतो अख्ख्या राष्ट्राशी, आणि पुढच्याच वचनातला आशीर्वाद पीक वाचण्याचा आहे. एकट्यादुकट्याच्या बँक खात्याचा तिथे विषयच नाही.

मार्क 10:30. येशूसाठी सर्व सोडणाऱ्याला शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि ‘छळणुकीबरोबर’. हा शेवटचा शब्द हमखास गळतो. शंभर आया कुणाला मिळतात? इथे मंडळीचं, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाचं, कुटुंब अभिप्रेत आहे. थोडं आधी, 10:22 मध्ये, एक श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो. (त्यानंतर येशू म्हणतो की श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. ते ‘सुईचं नाक’ म्हणजे जेरुसलेमचा छोटा दरवाजा होता, ही लोकप्रिय सारवासारव, त्या काळातला त्याला काही पुरावा नाही. आणि उंट वाकून आत जाणार असता, तर शिष्य एवढे हबकले कशाला?)

2 करिंथ 8:9. ‘तो (येशू) धनवान असता तुमच्याकरिता दरिद्री झाला’, म्हणून तुम्ही धनवान व्हा! पण पत्र लिहिणारा प्रेषित पौल इथे जेरुसलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी मागतो आहे. उदाहरण देतो मासेदोनियाच्या मंडळ्यांचं, ज्यांनी ‘कमालीच्या दारिद्र्यात’ राहून दिलं (8:2). देऊन त्या श्रीमंत झाल्या, असं तो कुठेही म्हणत नाही. त्याचा हिशेब 8:14 मध्ये आहे: आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची.

3 योहान 2 मधली भरभराटीची इच्छा गायस नावाच्या एका माणसाला लिहिलेल्या पत्राच्या आरंभीची आहे. ग्रीक पत्रांत क्षेमकुशल चिंतायची रीतच होती. तिच्यातून सर्वांसाठीचं वचन निघत नाही.

राहिला विश्वास उणा असल्याचा आरोप. प्रकटीकरण 2:9 मध्ये स्मुर्णा मंडळीला ‘तुझं दारिद्र्य मला ठाऊक आहे, तरी तू धनवान आहेस’ असं म्हटलंय, आणि या पुस्तकात ज्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत त्यांपैकी जिला दोष दिलेला नाही अशा दोनच मंडळ्यांत ती आहे. उलट ‘मी धनवान आहे’ म्हणणाऱ्या लावदिकीया शहरातल्या मंडळीला आंधळी, उघडी ठरवलंय (3:17). इ.स. 60 च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता स्वबळावर उभं राहिलेलं हे शहर.

याचा अर्थ गरिबी आपोआप पवित्र होते असा नाही. श्रीमंतांना 1 तीमथ्य 6:17-18 सांगतं: धनावर आशा ठेवू नका, सत्कर्मांविषयी धनवान व्हा, दानशूर असा. आणि हा फिरणारा दावाही त्याच अध्यायात, 6:5 मध्ये सापडतो: भक्ती हे कमाईचं साधन आहे. पौलाने तो सत्याला मुकलेल्यांची समजूत म्हणून नोंदवलाय.